निर्णय तुमचा, आम्ही फक्त सोबत

हात रोग्याच्या खांद्यावर आणि डोळे स्वतःच्या मनगटावर. आमच्या सरांचं चित्र काढायचं झालं तर एवढ्या दोन रेघा पुरतील. खांद्यावर हात ठेवताना ते कोपर असं काही वळवायचे की घड्याळाची तबकडी बरोबर त्यांच्या नजरेसमोर यायची. मग आवाज खाली आणून विचारायचे, "बोला, तुमचं मत काय? निर्णय तुमचा, आम्ही फक्त सोबत." रोगी तोंड उघडायच्या आत सर पुढच्या खाटेकडे वळलेले असायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पंगतीत "आणखी वाढू का?" असं विचारता विचारता पातेल्यावर झाकण ठेवणारी. फरक एवढाच की आमचे सर हे झाकण ठेवणं शिकवायचे, आणि त्यावर आम्हाला गुण द्यायचे.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी हाडांच्या विभागात शिकत होतो आणि सर विभागाचे प्रमुख होते. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या घराण्यातला माणूस, पण विलायतेत काही वर्षं काढून आल्यावर महालातल्या गल्ल्या त्यांना अरुंद वाटू लागल्या आणि त्यांनी धरमपेठेत बंगला बांधला. विलायतेहून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या. एक लोकरीचा कोट, जो ते नागपूरच्या मार्चमध्येही अंगात ठेवत. एक पाइप, जो कधी पेटलेला कोणी पाहिला नाही. आणि एक कल्पना: उपचार काय करायचा हे डॉक्टरने एकट्याने ठरवू नये, रोग्याला सगळं समजावून सांगावं आणि दोघांनी मिळून ठरवावं.

कल्पना सोन्यासारखी होती. हे मी स्पष्ट सांगतो, कारण पुढे मी सरांविषयी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल की माझा राग कल्पनेवर आहे. तसं नाही. तोवर आमच्याकडे डॉक्टर हुकूम सोडायचा आणि रोगी मान खाली घालून ऐकायचा. त्यात निदान खोटेपणा नव्हता. सरांनी हुकूम तसाच ठेवला, फक्त त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं.

दर शनिवारी सर या विद्येचा तास घेत. आमच्यातल्या एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने रोगी, आणि बाकीच्यांनी पाहायचं. डॉक्टरने कसं बसावं, हात कुठे ठेवावा, आवाज किती खाली आणावा, सगळं ठरलेलं होतं. रोग्याने काय म्हणावं तेही ठरलेलं होतं. एकदा रोगी होण्याची पाळी माझ्यावर आली. मला सडकून भूक लागली होती. नकार दिला की संवाद लवकर आटपेल आणि कँटीन गाठता येईल, एवढाच माझा हिशोब. डॉक्टर झालेल्या मित्राने खांद्यावर हात ठेवून "तुमचं मत काय?" विचारल्याबरोबर मी म्हणालो, "मला ऑपरेशन नको."

मित्र गडबडला. पुढचं वाक्य त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. सर उठून उभे राहिले.

"डॉक्टर, तुम्ही पेशंटचा नीट अभ्यास करून आलेले नाही," ते मला म्हणाले. "पेशंट असं बोलत नाही."

मी नापास झालो. रोगी म्हणून नापास झालेला माणूस तुम्ही दुसरा पाहिला नसेल. त्या दिवसापासून सर माझ्या मनातून उतरले ते उतरलेच. त्यात माझ्या गुणांचं दुःख किती आणि तत्त्व किती, हे तुम्हीच ठरवा. निर्णय तुमचा.

त्याच वर्षी पार्वताबाई वॉर्डात आली. कुहीकडची, चाळिशीची, धानाची शेती करणाऱ्या घरातली बाई. नवरा पोहोचवून गेला तो लगेच एसटीने परत, कारण घरी म्हशी होत्या. तिच्या उजव्या गुडघ्याला क्षय झाला होता. गुडघा सुजून भोपळ्यासारखा दिसायचा आणि चालताना ती ओठ दातांखाली धरायची.

त्या काळी अशा गुडघ्याला दोन वाटा होत्या. एक म्हणजे ऑपरेशन करून मांडीचं हाड आणि नळीचं हाड एकमेकांना कायमचं जोडून टाकायचं. दुखणं जातं, पाय भक्कम होतो, पण काठीसारखा सरळ राहतो तो जन्मभर. दुसरी वाट लांबची. महिनोन्महिने इंजेक्शनं आणि गोळ्या, पायाला वजन बांधून खाटेवर पडून राहायचं, मग हळूहळू व्यायाम. त्यात गुडघा थोडाफार वाकता राहतो, पण दुखणं पुरतं जाईल असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. दोन्ही वाटा चुकीच्या नव्हत्या. कोणती धरायची हे त्या पायाच्या मालकिणीने ठरवायचं होतं. सरांच्या कल्पनेसाठी याहून चांगला रोगी शोधून सापडला नसता.

सरांनी तिला निवडलं, पण वेगळ्याच कारणासाठी. "छान मान हलवते," ते म्हणाले. दिल्लीहून काही मोठे पाहुणे सरांची नवी शिकवण पाहायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर दाखवायला त्यांना छान मान हलवणारं माणूस हवं होतं.

पार्वताबाईला व्याख्यानाच्या हॉलमध्ये आणून खुर्चीवर बसवलं. पाहुणे पहिल्या रांगेत, आम्ही मागे. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, गुडघा दुखतो ना?"

"हो जी."

"दुखू नये असं वाटतं ना?"

"हो जी."

"ऑपरेशन केलं की दुखणं थांबेल, पाय सरळ होईल, मजबूत होईल, काठी न घेता चालाल. करायचं मग? निर्णय तुमचा, आम्ही फक्त सोबत."

"तुमी म्हनान तसं जी."

"पेशंटने निर्णय घेतला," सरांनी जाहीर केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्वताबाईने पदर सावरून सगळ्यांना नमस्कार केला.

पाय पुन्हा वाकणार नाही, हे तिला कोणी सांगितलंच नाही. सरांनी ते लपवलं असं मी म्हणणार नाही. लपवायला ती गोष्ट आधी डोक्यात यावी लागते. विलायतेतले रोगी खुर्चीवरून उठून खुर्चीवर बसत, सर स्वतः टेबलावर जेवत आणि पार्वताबाईलाही त्यांनी तपासताना आणि हॉलमध्ये खुर्चीवरच पाहिलं होतं. माणूस जमिनीवर बसतो, हे महालात वाढलेला हा गृहस्थ पार विसरून गेला होता.

वॉर्डात मात्र ती खुर्चीवर तर नाहीच, खाटेवरही फारशी बसत नसे. खाटेवर तिचं गाठोडं असायचं आणि ती खाली, भिंतीला टेकून, दुखरा पाय जमेल तेवढा मुडपून. त्या संध्याकाळी मी राउंडला गेलो तेव्हा ती तशीच जेवत बसली होती.

"डॉक्टरबाबू," तिने विचारलं, "पाय सरळ करून देतो म्हन्ते साहेब. सरळ म्हंजे किती सरळ जी?"

मी माझा पाय ताठ करून दाखवला. "असा."

"अन् मंग वाकन कवा?"

"वाकणार नाही, बाई."

"कवाच नाही?"

"कधीच नाही."

हातातला घास तिने ताटात ठेवला. माझ्या पायाकडे बघितलं, मग स्वतःच्या.

"मंग बसाचं कसं?"

ती बोलत राहिली, मला नाही, गुडघ्याला सांगत असल्यासारखी. "चुलीपाशी बसाचं कसं? परसाकडे कसं जाचं? धानाच्या बांधीत उतरली अन् चिखलात पाय फसला, तं उपसू कशी? थ्या खुर्चीवर बसवून इचारलं मले साहेबानं. माह्या घरी खुर्ची हाये का?"

मी तडक सरांच्या खोलीत गेलो. ते न पेटवलेला पाइप साफ करत होते.

"सर, पार्वताबाईंना पाय वाकणार नाही हे माहीतच नव्हतं. त्यांना ऑपरेशन नको असेल असं वाटतं."

"पण निर्णय झालाय."

"समजून झालेला नाही, सर."

सरांनी माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. "डॉक्टर, हीच ती जुनी वृत्ती. पेशंटने सर्वांसमक्ष घेतलेला निर्णय बदलणारे तुम्ही कोण? तो तिचा हक्क आहे. त्या हक्कासाठीच तर मी झगडतोय."

बाईचा हक्क बाईपासूनच वाचवायला निघालेल्या त्या माणसाकडे मी बघत राहिलो. इतका भाबडा मूर्खपणा मी तोवर पाहिला नव्हता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं ते पाहुण्यांच्या चहापाण्यामुळे एक दिवस पुढे गेलं, एवढंच त्या बाईचं नशीब. मधल्या सकाळी पाहुणे वॉर्ड पाहायला आले.

सगळा लवाजमा पार्वताबाईपाशी थांबला. ती नेहमीसारखी खाली बसलेली, पुढ्यात वरणभाताचं ताट. सर वाकले, हात खांद्यावर, डोळे मनगटावर. "उद्या ऑपरेशन बरं का, बाई. निर्णय तुमचा, आम्ही..." म्हणत ते वळले, आणि तिने त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

"साहेब, मंग बसाचं कसं? येक डाव बसून दाखवा न जी. येक पाय सरळ ठिवून."

सर हसले. कोणी लहान मुलाने काही विचारावं तसे हसले आणि कोट सोडवू लागले. पण तिने सोडला नाही. एका पाहुण्याने विचारलं, "क्या कह रही हैं ये?" सरांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "कह रही हैं, डॉक्टर साहब एक पैर सीधा रखकर ज़मीन पर बैठकर दिखाएँ."

"वाह!" पाहुणे खूश झाले. "यह भी आपकी पद्धति में है? दिखाइए, दिखाइए."

आता मागे फिरता येत नव्हतं. खाटेचा लोखंडी दांडा धरून, उजवा पाय ताठ पुढे काढून, सर कोटाटायसकट खाली जाऊ लागले. शेवटची वीतभर उंची ते बसले नाहीत, आदळले. वॉर्डातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

पार्वताबाई मात्र हसत नव्हती. ताटापलीकडे ठेवलेल्या पितळी पेल्याकडे तिने बोट केलं.

"आता थो गिलास घ्या."

सर पुढे झुकले. पाय आडवा आला, हात पोहोचला नाही.

"आता चूल फुका."

ते आणखी झुकले आणि त्यांची टाय वरणात बुडाली.

"आता उठा."

सरांनी एका हाताने खाट धरली, दुसरा जमिनीला टेकला, तोंड लालबुंद झालं. उठता आलं नाही. सगळा वॉर्ड खदखदून हसत होता, पाहुणेही हसत होते, आणि मी तर मनातल्या मनात नापास झाल्याचा सगळा वचपा काढत होतो. तेवढ्यात माझं लक्ष पार्वताबाईकडे गेलं. ती डोळ्यांची पापणी न हलवता सरांच्या त्या ताठ पायाकडे बघत होती. आम्हाला तमाशा होता. ती स्वतःचं पुढचं सगळं आयुष्य समोर बसलेलं पाहत होती. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

"नको जी," ती शेवटी म्हणाली. "माहा पाय वाकताच राहू द्या. दुखला तं दुखू द्या."

मी आणि आणखी एका विद्यार्थ्याने काखेत हात घालून सरांना उभं केलं. त्यांनी पँट झटकली, टाय पुसली, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "धिस इज अवर मेथड." पुन्हा टाळ्या. निर्लज्जपणा इतक्या सफाईने करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं नाही. पार्वताबाई पायाला वजन बांधून बरेच महिने वॉर्डात पडून होती. इंजेक्शनांनी कंटाळली, रडली, एकदा घरी पळून जायलाही निघाली. शेवटी लंगडत का होईना, पण गुडघा वाकवत घरी गेली. पुढे तपासणीला आली की बाक मोकळं असलं तरी ती खालीच बसायची, मला मुद्दाम दाखवून. दुखतं का विचारलं तर म्हणायची, "दुखते न. पन माहं दुखनं हाये थे." आणि जाताना हळूच विचारायची, "थे साहेब उठले का जी?"

सर उठले, आणि चांगलेच उठले. तो प्रसंग ते विसरून जातील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तो खिशात घातला. पुढच्या शनिवारपासून बळीराम चपराशी तासाच्या आधी फरशीवर चौकड्यांची एक छोटी गादी टाकू लागला. सर तिच्यावर एक पाय सरळ ठेवून बसत आणि कोणाचाही आधार न घेता उठून दाखवत. घरी त्यासाठी त्यांनी उठाबशा काढल्या असणार. हळूहळू आम्ही त्याला 'सरांची बैठक' म्हणू लागलो. सर ती घेऊन परिषदांना गेले, मुंबईला गेले, दिल्लीला तर गेलेच. "मला एकदा सुचलं," असं ते सुरुवातीला सांगत. पार्वताबाईचं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

आणि सुचलं तरी किती? हात मोडलेला माणूस समोर असला तरी सर गादीवर बसून पाय सरळ करून दाखवत. मणक्याचा रोगी असो, खांदा निखळलेला असो, बैठक तीच. एकदा नरखेडकडचा एक संत्रा बागायतदार मनगट मोडून आला होता. तो बिचारा बराच वेळ सरांच्या पायाकडे बघून म्हणाला, "साहेब, पायाले तं माह्या काही नाही झालं!" आयुष्यात या माणसाने रोग्याचा एकच प्रश्न ऐकला होता, तोही कोट धरून ठेवला म्हणून, आणि तोच तो जगाला वाटत सुटला होता.

तरी एक सांगायला हवं, जीभ जड होते पण सांगतो. गुडघ्याचे जे रोगी त्यानंतर आले, त्यांनी होकार द्यायच्या आधी ती बैठक पाहिली. काही हो म्हणाले, काही नको म्हणाले. जे बोलले ते पाहून बोलले. ढोंगाचाही कोणाला उपयोग होतो, आणि तो झाला म्हणून ढोंग काही कमी होत नाही. मी दोन्ही गोष्टी मानतो.

सर निवृत्त झाले. वर्षं गेली. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा निरोप आला की साखरेच्या आजाराने सरांचा पाय सडलाय आणि ते भेटायला बोलावतायत. मी धरमपेठेत गेलो. खरं सांगतो, प्रेमापोटी गेलो नव्हतो. इतकी वर्षं ज्याचा तिरस्कार केला तो माणूस खाटेवर कसा दिसतो, हे पाहायचं कुतूहल होतं.

खाटेभोवती माझेच जुने सोबती उभे होते. आता सगळे नामवंत सर्जन, शनिवारच्या तासात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले. त्यांचं बोलणं चाललं होतं ते इंग्रजीत आणि सरांच्या डोक्यावरून. उजवा पाय गुडघ्यावरून कापायचा, आणि उद्याच. मग त्यांच्यातला एक, तोच माझा मित्र जो माझ्या नकाराने गडबडला होता, पुढे वाकला. हात खांद्यावर ठेवला. कोपर बरोबर वळवलं.

"सर, निर्णय तुमचा, आम्ही फक्त सोबत."

मला हसू यायला हवं होतं. इतक्या चोख शिक्षेची मी कल्पनाही केली नसती. पण सर त्याच्या घड्याळाकडे बघत होते, तबकडीकडे, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आलंच नाही. अगदी लहान आवाजात ते म्हणाले,

"मंग बसाचं कसं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सरांच्या तोंडी ही भाषा कोणी कधी ऐकली नव्हती. "ताप चढलाय," एक जण पुटपुटला. दुसरा मोठ्याने म्हणाला, "सर, व्हीलचेअर आहे ना!" आणि माझा मित्र घड्याळ पाहून दाराकडे वळला.

सर आता माझ्याकडे बघत होते. पार्वताबाईला ते विसरले नव्हते. इतकी वर्षं तिचं नाव त्यांनी गिळलं होतं, पण विसरले नव्हते.

मी खाली बसलो. उजवा पाय मांडीखाली दुमडून घेतला, जणू तो तिथे नाहीच. तोल कसा जातो ते दाखवलं. टेबलावरचा पेला खाली ठेवून तो कसा घ्यावा लागेल ते दाखवलं. खाटेचा दांडा धरून एका पायावर कसं उठावं लागेल ते दाखवलं. सर मान वळवून शेवटपर्यंत पाहत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. त्यांनी डोळे मिटले.

"नको," ते म्हणाले. "कापू नका."

बाहेर व्हरांड्यात माझ्या सोबत्यांनी मला फैलावर घेतलं. मी सरांना घाबरवलं, मी अघोरी आहे, वगैरे. त्यांचं म्हणणं डॉक्टर म्हणून बरोबर होतं. पाय काढला असता तर सर आणखी काही वर्षं जगले असते असं मला आजही वाटतं. पण तो पाय माझा नव्हता, आणि माझ्या सोबत्यांचाही नव्हता. थोड्याच दिवसांत सर गेले, दोन्ही पायांनिशी.

शोकसभा हॉस्पिटलातल्या त्याच हॉलमध्ये झाली. सर्वांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. सरांनी रोग्याला बोलायला शिकवलं, असं एकामागून एक वक्ते सांगत होते, आणि मी नेहमीसारखा मनात चरफडत होतो. तेवढ्यात पुढे लक्ष गेलं. म्हाताऱ्या बळीरामने सवयीने सरांच्या फोटोसमोर फरशीवर ती चौकड्यांची गादी टाकून ठेवली होती. तिच्यावर बसायला कोणीच नव्हतं, ना सर, ना पार्वताबाई. मला एकदम रडू कोसळलं, आणि ते सरांसाठी नाही, असं मी सभा संपेपर्यंत स्वतःला बजावत राहिलो.